बीदरच्या मुक्कामी अफानासी निकितीन

श्रीलंकेच्या दक्षिणेला, विषुववृत्ताच्या थोडे पलीकडे, हिंदी महासागराच्या तळाशी एक विस्तीर्ण डोंगररांग बुडालेली आहे. तिची लांबी सुमारे ४०० किलोमीटर आणि रुंदी सुमारे १५० किलोमीटर. तिचा सर्वांत उंच माथादेखील पाण्याच्या पृष्ठभागापासून हजार मीटरहून अधिक खोल आहे. त्यामुळे तिथे बेट नाही, पक्षी नाही, माणसाची वस्ती तर नाहीच. तिथल्या खडकांवर लक्षावधी वर्षांत साचलेल्या कोबाल्टयुक्त थरांचा अभ्यास दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केला आहे. जानेवारी २०२४ मध्ये या भागात शोधकार्य करण्याची परवानगी मागणारा अर्ज भारताने आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाकडे केला. त्या क्षेत्रावर श्रीलंकाही हक्क सांगत असल्याने हा विषय अधूनमधून वृत्तपत्रांत येत असतो आणि त्याबरोबर डोंगराचे नावही येते : अफानासी निकितीन.

या नावाचा माणूस दर्यावर्दी नव्हता, शास्त्रज्ञ नव्हता, कोणा राजाचा वकीलही नव्हता. मॉस्कोच्या वायव्येला व्होल्गा नदीच्या काठी वसलेल्या त्वेर या नगरातील तो एक व्यापारी. त्याचा जन्म कधी झाला, घरी कोण होते, तो दिसायला कसा होता, यांपैकी कशाचीही नोंद नाही. निकितीन म्हणजे निकिताचा मुलगा, एवढाच त्याच्या कुळाचा पत्ता. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो घरातून निघाला, सुमारे तीन वर्षे हिंदुस्थानात राहिला आणि परतताना घराच्या अलीकडेच मरण पावला. हिंदुस्थानातील त्या दिवसांचा मोठा भाग त्याने बीदर, कलबुर्गी आणि आळंद या परिसरात काढला. आज कर्नाटकाच्या सीमेवर असलेला हा मुलूख मराठी माणसाला परका नाही. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांत आजही मराठी बोलणारी घरे आहेत, आणि बीदरच्या बादशहाचे नाव तर दामाजीपंतांच्या कथेमुळे महाराष्ट्रातच नव्हे, गोव्यातल्याही कीर्तनांतून ऐकलेले असते. ज्या काळाशी ती कथा जोडली जाते, त्याच्या आसपासच हा परदेशी मनुष्य बीदरच्या रस्त्यांवरून हिंडत होता.

त्याच्या प्रवासाची वर्षे परंपरेने १४६६ ते १४७२ अशी मानली जात. नंतरच्या अभ्यासकांनी बहमनी इतिहासातील घटनांशी ताळा घेऊन ती दोन वर्षे पुढे सरकवली. हा ताळा जुळवताना गोव्याचाही संबंध येतो; तो पुढे पाहू.

निघताना हिंदुस्थान त्याच्या मनात नव्हता. कास्पियन समुद्राच्या काठच्या शिरवान राज्यात माल विकून परत यायचे, एवढाच बेत होता. शिरवानच्या सुलतानाचा हसन बेग नावाचा वकील मॉस्कोहून परत निघाला होता. निझ्नी नोव्हगोरोद येथे दोन आठवडे वाट पाहून निकितीनने त्याच्या तांड्याची सोबत धरली. या वकिलाजवळ मॉस्कोच्या महाराजांकडून मिळालेले ९० ससाणे होते. उत्तर ध्रुवाच्या परिघातील बर्फाळ कड्यांवर घरटी करणारे हे मोठे शिकारी पक्षी रशियाच्या अतिउत्तरेकडून पकडून आणले जात आणि दक्षिणेकडचे सुलतान त्यांच्यावर जीव टाकत. त्या बर्फाच्या मुलखातले पाखरू उष्ण देशांच्या दरबारात पोहोचत होते. व्यापाराचा हात किती लांब असतो, याचे दुसरे उदाहरण शोधायला नको.

आस्त्राखानजवळ चांदण्या रात्री तातारांनी नौकांवर हल्ला केला. निकितीनचा माल ज्या लहान नौकेत होता ती अडकून पडली आणि लुटली गेली. त्या लुटीत त्याचे धर्मग्रंथही गेले. पैसा गेल्याचे दुःख तो लवकर विसरला असावा. ग्रंथ गेल्याचे दुःख मात्र पुढे त्याच्या वहीत वारंवार डोके वर काढते. पुढे कास्पियन समुद्रात वादळ झाले, एक नौका किनाऱ्यावर आपटली आणि तिच्यातील माणसे कैद झाली. शिरवानच्या सुलतानाने माणसे सोडवून दिली, पण नागवलेल्या व्यापाऱ्यांना परतीच्या वाटेसाठी काहीही दिले नाही. ज्याचे घरी काही होते तो घरी गेला. ज्याने उधारीवर माल उचलला होता त्याला तोंड दाखवायला घर उरले नाही. तो डोळे नेतील तिकडे गेला. निकितीन या दुसऱ्या प्रकारातला.

देर्बेंतहून बाकू, तिथून समुद्र ओलांडून माझंदरान, मग इराणच्या कोरड्या पठारावरून काशान, यझ्द, लार अशी गावे घेत तो होर्मुझ बंदराला लागला. या वाटचालीत महिनेच्या महिने गेले. होर्मुझला त्याला हिंदुस्थानच्या व्यापाराचे गुपित कळले : दख्खनमध्ये चांगला घोडा पैदा होत नाही आणि दख्खनच्या सुलतानाला घोड्याशिवाय चालत नाही. त्याने उरलासुरला पैसा एका घोड्यात घातला. घोडा हिंदुस्थानच्या भूमीवर उतरवेपर्यंत त्याला शंभर रुबल खर्च आला. त्या एका जनावरावर त्याचे सारे भवितव्य होते.

मस्कत, दीव, खंबायत असे बंदर-बंदर करत जहाज चौलला आले. गोरा माणूस पाहायला लोकांचा घोळका त्याच्या मागे लागला. आणि तोही उघड्या अंगाने, अनवाणी, केसांची एक वेणी घालून हिंडणाऱ्या माणसांकडे तितक्याच नवलाने पाहत राहिला. चौलहून घाट चढून तो जुन्नरला पोहोचला तेव्हा पावसाळा सुरू झाला होता. चार महिने पाणी आणि चिखल. या ऋतूला त्याने आपल्या भाषेत हिवाळा म्हटले आहे, आणि ते चुकीचे म्हणता येत नाही. ज्या ऋतूत रस्ते बंद होतात, माणूस घरात कोंडला जातो आणि प्रवास थांबतो, तो त्वेरच्या माणसासाठी हिवाळाच. फक्त या हिवाळ्यात शेतकरी नांगर धरतात आणि पेरणी करतात, याचे त्याला आश्चर्य वाटले. घोड्यांना इथे हरभऱ्यासारखे धान्य घालतात, शिवाय साखर आणि तूप घालून खिचडी शिजवून देतात, हेही त्याने टिपून ठेवले. खिचडी हा शब्द त्याच्या रशियन वहीत जवळजवळ जसाच्या तसा आहे.

जुन्नरचा सुभेदार असदखान. हा परका मनुष्य मुसलमान नाही, हे कळताच त्याने घोडा काढून घेतला आणि चार दिवसांची मुदत दिली. इस्लाम स्वीकारला तर घोडा परत आणि वर एक हजार मोहरा. नाही तर घोडा गेला आणि मोहराही द्याव्या लागतील. निकितीनच्या आयुष्यातील हे चार दिवस सर्वांत बिकट असावेत. हातात पैसा नाही, भाषा तोडकीमोडकी, ओळखीचे कोणी नाही. खुरासानहून आलेला महंमद नावाचा एक प्रतिष्ठित गृहस्थ त्या वेळी जुन्नरला होता. निकितीनने त्याच्यापुढे पदर पसरला. महंमदाने सुभेदाराकडे शब्द टाकला, घोडा सुटला, धर्मही वाचला. ज्याने धर्म मागितला तो मुसलमान आणि ज्याने वाचवला तोही मुसलमान. निकितीनने दोन्ही गोष्टी सारख्याच साधेपणाने लिहून ठेवल्या आहेत.

पाऊस ओसरताना तो बीदरला निघाला. सुमारे महिन्याची चाल होती. पूर्वी बहमनींची राजधानी गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, येथे होती; अहमदशहा वलीने ती बीदरला आणली. निकितीन आला तेव्हा गादीवर तिसरा महंमदशहा हा विशीतला तरुण होता, आणि राज्याची सूत्रे वजीर महमूद गावान याच्या हाती होती. निकितीन त्याला त्याच्या मलिक-उत-तुज्जार, म्हणजे व्यापाऱ्यांचा राजा, या किताबाने ओळखतो. गावान मूळचा गीलानचा, म्हणजे कास्पियन समुद्राच्या दक्षिण किनाऱ्याचा. ज्या समुद्रात निकितीन नागवला गेला त्याच समुद्राकाठी जन्मलेला मनुष्य बीदरमध्ये राज्य चालवत होता. दोघांची गाठ पडल्याची नोंद मात्र नाही.

बीदरचा किल्ला पाहणाऱ्याला आजही त्याच्या दरवाजांची संख्या आणि तटाची जाडी थक्क करते. निकितीनने राजवाड्याचे सात दरवाजे मोजले. प्रत्येक दरवाजात शंभर पहारेकरी आणि शंभर कारकून. आत कोण गेले, बाहेर कोण आले, याची नोंद ठेवणारे. परक्यांना आत प्रवेश नाही. वाड्याचे कोरीवकाम आणि सोनेरी मुलामा त्याने पाहिला तेवढा पाहिला. रात्री कोतवालाची हजार माणसे चिलखत चढवून, हातात मशाली घेऊन घोड्यांवरून शहराची गस्त घालत. बकरी ईदच्या मिरवणुकीत त्याने पोलादी चिलखतांनी मढवलेले तीनशे हत्ती पाहिले. त्यांच्या पाठीवरच्या अंबाऱ्यांत तोफा-बंदुका घेतलेली माणसे बसलेली. आकड्यांच्या बाबतीत व्यापाऱ्याची जीभ कधी सैल सुटते, हे लक्षात ठेवूनही डोळ्यांपुढे चित्र उभे राहते.

परंतु त्या मिरवणुकीने त्याची दृष्टी दिपली नाही. सरदार चांदीच्या पालख्यांतून फिरतात, त्यांच्यापुढे सोन्याचे साज घातलेले घोडे आणि मागे शेकडो स्वार-प्यादे असतात. आणि खेड्यातली माणसे मात्र उघडीवाघडी व अत्यंत दरिद्री आहेत, ही गोष्ट त्याने एकाच दमात नोंदवली. दरबारी तवारीखकारांच्या लेखनात बीदरचे वैभव येते, खेडूत येत नाही. दामाजीपंतांनी सरकारी कोठार उघडले ते कोणासाठी, हे समजून घ्यायचे असेल तर या परदेशी व्यापाऱ्याचा हवाला मोलाचा आहे.

बीदरपासून बारा कोव, म्हणजे काही दिवसांच्या वाटेवर, शेख अलाउद्दीनच्या दर्ग्याचा मोठा बाजार भरे. अभ्यासकांनी हे ठिकाण कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद असे ओळखले आहे. लाडले मशायख या नावाने तो दर्गा आजही प्रसिद्ध आहे. दहा दिवस चालणाऱ्या त्या बाजारात वीस हजारांपर्यंत घोडे विक्रीला येत, असे निकितीन सांगतो. साऱ्या हिंदुस्थानात याहून चांगला बाजार नाही, असा त्याचा निर्वाळा. आळंदच्याच संदर्भात त्याने रात्री घुमणाऱ्या एका पक्ष्याची लोककथा दिली आहे. तो ज्या घरावर बसतो तिथे माणूस दगावतो आणि त्याला मारायला जावे तर त्याच्या चोचीतून आग निघते. हा पक्षी म्हणजे घुबड, हे मराठी वाचकाला सांगायला नको. पाचशे वर्षांपूर्वी आळंदच्या कोणत्या तरी ओट्यावर बसून कोणी तरी ही गोष्ट या दाढीवाल्या पाहुण्याला रंगवून सांगितली असणार, आणि त्याने ती अगदी खरी मानून लिहून घेतली.

तरीही घोडा खपत नव्हता. वर्षभर त्याला पोसावे लागले, तेव्हा कुठे नाताळच्या सुमारास बीदरला त्याचा सौदा झाला. हिंदुस्थानात सगळा माल मिळतो असे सांगून ज्यांनी त्याला इकडे आणले त्यांनी फसवले, अशी तक्रार तो करतो. मिरी आणि रंग स्वस्त होते, पण जकाती भारी आणि समुद्रावर चाचे फार. रशियात नेऊन विकावा असा माल त्याला इथे दिसला नाही. व्यापारी म्हणून त्याची मोहीम इथेच फसली होती.

आणि नेमके इथूनच त्याचे बीदरमधले खरे दिवस सुरू होतात. तोवर तो खोजा युसूफ खुरासानी या मुसलमानी नावाने वावरत होता. परमुलखात जीव आणि माल सांभाळायचा तर ते सोयीचे होते. घोडा विकल्यावर मात्र त्याने ओळखीच्या हिंदूंना आपले खरे नाव आणि धर्म सांगून टाकला. त्याचा परिणाम त्याला अपेक्षित नसावा. जे लोक आतापर्यंत त्याच्यापासून जेवण लपवत, देवपूजा लपवत, व्यवहाराची गोष्ट काढली की गप्प बसत, बायकांना आत पाठवत, त्यांनी काहीही लपवायचे सोडले. भीती सुलतानाच्या माणसाची होती, परक्याची नव्हती. मग निकितीन विचारत गेला आणि ते सांगत गेले : इथे चौऱ्याऐंशी पंथ आहेत, एकाचे पान दुसऱ्याच्या पंगतीत पडत नाही, कोणी मांस-मासे खातो, कोणी खात नाही, गाय मात्र कोणीच खात नाही. प्रत्येक जण आपले भांडे वेगळे ठेवतो, उजव्या हाताने जेवतो आणि परक्याची नजर अन्नावर पडू देत नाही. जातिव्यवस्थेवर त्याने टीका केलेली नाही आणि स्तुतीही केलेली नाही. पाहिले ते लिहिले.

या मित्रांबरोबर तो महिनाभर चालून श्रीशैलच्या यात्रेलाही गेला. ज्या मंदिरांच्या आवाराला तो अर्ध्या त्वेर शहराची उपमा देतो, तिथल्या भिंतींवरची कोरीव चित्रे, काळ्या पाषाणाचा प्रचंड नंदी, त्याच्या खुरांना ओठ लावणारे आणि फुले वाहणारे यात्रेकरू, हे सारे त्याने जवळून पाहिले. शिवरात्रीच्या गर्दीत उभा असलेला हा ख्रिस्ती मनुष्य हिंदूंच्या देवळाला त्यांचे जेरुसलेम म्हणतो. त्या शतकातल्या परदेशी प्रवाशाच्या लेखणीतून असा शब्द येणे दुर्मीळ आहे.

बीदरला परतल्यावर त्याला वेगळ्याच काळजीने ग्रासले. ग्रंथ आस्त्राखानला लुटले गेले होते, आणि त्यांच्याबरोबर दिवसांचा हिशेबही. ईस्टर कधी, बुधवार-शुक्रवारचे उपवास कधी, हे सांगणारे आसपास कोणी नव्हते. ज्याचा पंचांगावर विश्वास असतो आणि ज्याला एकादशी चुकली तर हुरहूर लागते, अशा कोणाही मराठी माणसाला ही व्यथा समजेल. मुसलमानांचा रोजाचा महिना आला की तो त्यांच्याबरोबर आपला उपवास धरी. ईस्टर तो अंदाजाने ठरवी. अशाच एका ईस्टरच्या रात्री त्याने बीदरमधून आकाशाकडे पाहिले आणि कृत्तिका कुठे आहेत, सप्तर्षींचे तोंड कोणीकडे आहे, याची नोंद केली. युरोपातील भाषांत उत्तर ध्रुवप्रदेशाचे नाव आर्क्टिक ज्या ग्रीक शब्दापासून आले त्याचा अर्थ अस्वल, आणि ते अस्वल म्हणजे हेच सप्तर्षींचे तारे. त्वेर सुमारे ५७ अंश उत्तरेला आहे; तिथे सप्तर्षी कधीच मावळत नाहीत, वर्षभर डोक्यावर फिरत राहतात. बीदर १८ अंशांवर. इथे ते खाली उतरतात आणि काही तास दिसेनासे होतात. घरचे तारेसुद्धा पूर्वीसारखे सोबत करत नव्हते.

वहीतल्या सर्वांत नाजूक गोष्टी त्याने रशियनमध्ये लिहिल्या नाहीत. प्रवासात शिकलेल्या तुर्की, फारसी आणि अरबी शब्दांच्या मिश्रणात त्याने प्रार्थना लिहिल्या. आपल्या देशासारखा देश नाही, पण तिथले सरदार न्यायी नाहीत, हे मनोगतही त्याच भाषेत. या प्रार्थनांवरून तो अखेर मुसलमान झाला, असा तर्क काहींनी केला आहे. तो फारसा पटत नाही. ज्याने धर्म बदलला तो उपवासाच्या तारखांसाठी इतका झुरला नसता. चार ईस्टर परमुलखात गेले, याची मोजदाद त्याने अखेरपर्यंत सोडली नाही. बाजारात रोज बोलायची भाषा हळूहळू माणसाच्या देवापर्यंत पोहोचते, एवढेच फार तर म्हणता येईल.

त्याच सुमारास मलिक-उत-तुज्जार दोन वर्षांच्या मोहिमेवरून विजयी होऊन बीदरला परतला. समुद्रावर लूटमार करणारी दोन शहरे त्याने जिंकली, सात राजे पकडले आणि जडजवाहिरांची ओझी आणली, असे निकितीन लिहितो. गावानच्या कोकण मोहिमेचेच हे वर्णन असल्याचे बहुतेक अभ्यासक मानतात. या मोहिमेच्या अखेरीस, १४७२ च्या आरंभी, गावानने विजयनगरच्या ताब्यातून गोवा घेतला. अरबस्तानातून येणारे घोडे गोव्याच्या बंदरातून विजयनगरला जात. ती वाट तोडणे हा त्या स्वारीचा एक हेतू होता. ज्या घोड्याने निकितीनला बीदरला आणले, तोच घोडा गावानला गोव्याला घेऊन गेला. गोव्याच्या त्या विजयाचा जल्लोष बीदरच्या रस्त्यावर उभा राहून पाहणारा एक रशियन होता आणि त्याच्या नोंदीमुळेच त्याच्या स्वतःच्या प्रवासाची वर्षे नक्की करता आली.

त्याच १४७२ साली गावानची प्रसिद्ध मदरशाची इमारत बीदरला पूर्ण झाली. तिच्या निळ्या-हिरव्या फरशांचे अवशेष आजही दिसतात. नऊ वर्षांनी, १४८१ मध्ये, शत्रूंनी रचलेल्या बनावट पत्रावर विश्वास ठेवून सुलतानाने गावानचा शिरच्छेद करवला.

निकितीन त्याआधीच निघाला होता. लढाया सगळीकडे पेटल्या होत्या, वाटा बंद होत्या, हिंदुस्थानात राहायचे म्हणजे जवळ होते नव्हते ते खर्चून टाकणे. तो कलबुर्गीला गेला, पुढे अकीकाच्या खाणी असलेल्या एका गावी पाच महिने राहिला, परत कलबुर्गी आणि आळंदवरून दाभोळला उतरला. दोन मोहरा भाडे देऊन जहाजावर चढला. वाऱ्याने जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नेले. तिथल्या लोकांना तांदूळ, मिरी आणि भाकरी वाटून सुटका झाली. होर्मुझ, शिराझ, इस्फहान, तब्रीझ करत तो काळ्या समुद्राच्या काठी त्रेबिझोंदला पोहोचला. तिथल्या अधिकाऱ्यांनी हेर समजून त्याची झडती घेतली. कागद सोडून जे काही बरे सामान होते ते काढून घेतले. 

समुद्र ओलांडून तो क्रिमियातल्या काफाला आला. तिथून त्वेर आता फक्त जमिनीची वाट होती. पण स्मोलेन्स्क गाठण्याआधीच रस्त्यात त्याचा अंत झाला. कशाने, कोणाच्या घरी, हे कोणी लिहून ठेवले नाही. सोबतच्या व्यापाऱ्यांनी त्याच्या हातची वही मॉस्कोला नेली आणि १४७५ मध्ये ती महाराजांचे चिटणीस वासिली मामिरेव्ह यांच्या हाती दिली. तिची नक्कल राजकीय बखरीत झाली आणि ती साडेतीन शतके मठांच्या कपाटांत पडून राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासकार करमझिन यांना ती सापडली, तेव्हा वास्को द गामा कालिकतला उतरण्याच्या पंचवीस वर्षांहूनही अधिक आधी एक रशियन व्यापारी दख्खनमध्ये राहून गेल्याचे जगाला कळले.

१९५५ मध्ये त्वेरला व्होल्गाच्या काठी त्याचा पुतळा उभारला गेला. दोन वर्षांनी ख्वाजा अहमद अब्बास यांनी सोव्हिएत कलावंतांच्या सहकार्याने त्याच्यावर परदेसी हा चित्रपट काढला. त्यात नर्गिस आणि बलराज साहनी होते. कोकणात, तो जिथे उतरला त्या चौलजवळ रेवदंड्यात त्याचे स्मारक आहे. बीदरच्या किल्ल्याबाहेर आणि आळंदच्या दर्ग्याच्या वाटेवर बाजार अजून भरतो. तिथे त्याचे नाव सहसा कोणाला ठाऊक नसते.